सावड कोणाशी करायची?

पत्र (थोडं आवरून देते आहे):

‘ताई, मी २७ वर्षांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडे आमचं वावर आहे. मला अहोजाहो करू नका. नाल्याच्या अलीकडे आम्हा १४ जणांचं मिळून ४० एकर आहे. कपाशी, तूर, सोयाबीन आणि ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचा हरभरा. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांनी जीव नकोसा केला आहे, रात्रीची जागली करून करून माणसं आजारी पडली. यंदा सगळ्यांनी मिळून झटका मशीनचं कुंपण करायचं ठरवलं. नाल्याच्या पलीकडे २० एकर आहे, सहा जणांचं. ते लोक पुनर्वसनातले. धरणात गाव गेलं म्हणून ९ वर्षांपूर्वी त्यांना आमच्या गावाला लागून जागा मिळाली, मोबदल्याच्या पैशातून त्यांनी ही वावरं घेतली. मी म्हटलं, त्यांनाही सोबत घेऊ. बैठकीत सगळे माझ्यावर चिडले. “ते आपल्यातले नाहीत, पैसा बुडवतील.” शेवटी माझे मोठे बाबा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “तुम्ही काही देऊ नका, तुमच्या बाजूनंही आम्हीच तार ओढून देतो.” त्यांनी नाही म्हटलं. तेव्हापासून गावात एकच बोलणं, “फुकट देऊन रायलो तरी नाई म्हंतेत, माजले.” ताई, ते लोक आले तेव्हा आमच्या गावानं तीन दिवस त्यांची जेवणं केली होती. आबाजींनी कोठीतली ज्वारी काढून दिली होती. आमच्याकडे रोज गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. गाव माणुसकीचं आहे. मग असं का होतं? पोळ्यानंतर दोन्हीकडच्या पोरांचा कबड्डीचा सामना ठेवावा असं मनात आहे, म्हणजे मनं जुळतील. बरोबर राहील का?
एक वाचक’

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठे बाबा चांगल्या मनानं गेले आणि हिरमुसून परत आले, त्यांना ते लागलं असणारच. तरीही नाल्यापलीकडचे माजून नाही म्हणाले असं मला वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

विचार करून पाहा. तुमच्या पैशाची तार त्यांच्या धुऱ्यावर उभी राहिली. पुढच्या भादव्यात तुमच्या बाजूला गवत वाढलं, ते तारेला लागून करंट कमी झाला आणि डुकरं त्यांच्या सोयाबीनमध्ये शिरली. आता त्यांनी कोणत्या तोंडानं तुमच्याकडे यायचं? ‘तुझं गवत काप’ असं म्हणायला माणसाचा वाटा लागतो. ज्यानं एक रुपया दिला नाही तो बैठकीत मागे बसतो आणि ऐकून घेतो. उद्या तार त्यांच्या बंडीच्या वाटेत आली तरी ते गप्प बसतील, कारण तार तुमची. मिंधेपण हा शब्द आपल्याच भाषेत आहे, आणि घरात त्याची भीती आपल्याला लहानपणापासून घातलेली असते. ‘कोणाचं खाऊ नको, कोणाचं देणं ठेवू नको’ असं तुझ्या आबाजींनीही तुला सांगितलं असेल. तेच पलीकडच्या आबाजींनी त्यांच्या नातवाला सांगितलेलं आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सोबत्यांनी जगभरातल्या १५ लहान समाजांत एक खेळ खेळून पाहिला होता, त्याचे निष्कर्ष २००१ आणि २००५ साली छापून आले. खेळ सोपा आहे. दोन माणसं, एकमेकांना न दिसणारी. एकाच्या हाती काही रक्कम देतात आणि सांगतात, यातला किती वाटा दुसऱ्याला द्यायचा ते तू ठरव. दुसऱ्यानं तो घेतला तर दोघांचे पैसे पक्के. त्यानं नाही म्हटलं तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलातले माचीग्वेंगा लोक घराबाहेर फारसं कुणासोबत काम करत नाहीत. त्यांनी सरासरी चौथा हिस्सा पुढे केला, आणि घेणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो मुकाट घेतला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक एका होडीत बरेच जण बसून देवमासा मारतात आणि ठरलेल्या वाट्यानं मांस वाटून घेतात. त्यांनी निम्म्याहून जास्त दिलं. आणि पापुआ न्यू गिनीतल्या आऊ आणि ग्नाऊ या लोकांमध्ये वेगळंच घडलं. तिथे काहींनी निम्म्याहून जास्त देऊ केलं आणि समोरच्यानं ते नाकारलं! फुकटचे पैसे, तेही अर्ध्याहून जास्त, तरी नको. कारण त्यांच्याकडे मोठी भेट घेतली की देणाऱ्याचं देणं लागतं, आणि ते कधी, कसं फेडावं लागेल याचा भरवसा नसतो.

तुमच्या मोठ्या बाबांनी नाल्यापलीकडे नेमकी अशीच मोठी भेट नेली होती.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. गाव माणुसकीचं आहे, मग असं का? तीन दिवस जेवणं घातली, कोठीतली ज्वारी काढली, हे खरं आहे आणि ते मोठं आहे. गाव उठून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री गरम भाकर मिळाली, ते तो जन्मभर विसरत नाही. पण त्यानंतर ९ वर्षांत तुमच्या गावानं त्यांच्याकडे कधी काही मागितलं का? त्यांचा बैल सावडीला घेतला का, म्हणजे त्यांचे दिवस आपल्या वावरात आणि आपले तितकेच त्यांच्या वावरात? कुणी त्यांच्यासोबत जागलीची पाळी लावली का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा नाही. वऱ्हाडात दारात आलेल्याला पाण्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि त्याच ओसरीवर बसून ‘त्याच्याशी व्यवहार करू नको’ असंही सांगतात. दोन्ही आपलेच संस्कार आहेत. पाहुणचारात देणारा वर असतो आणि घेणारा खाली, म्हणून तो अनोळखी माणसासोबतही सहज जमतो. सावडीत दोघं सारखे असतात. तिथे हिशेब द्यावा लागतो, समोरच्याचं ऐकावं लागतं, त्याच्या बैलावर आपली पेरणी सोडावी लागते. परक्यासोबत ते करायला माणूस कचरतो.

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे वडील वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे कास्तकारी करायचे. आमच्याकडे एकच बैल होता. बौद्धपुऱ्यातल्या एका काकांकडेही एकच होता, त्यांची थोडी पडीक जमीन त्यांनी नुकतीच कसायला घेतली होती. दोघांनी सावड केली. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर वडील कोळशानं रेघा ओढायचे. डावीकडे आमच्या वावरातले दिवस, उजवीकडे त्यांच्या वावरातले. अर्धा दिवस असला तर अर्धी रेघ. पाचवी रेघ आडवी. काका संध्याकाळी बैल सोडायला आले की आधी भिंतीकडे पाहायचे, मग वैरणीकडे. त्याच गोठ्याच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी एक वेगळा गडवा होता. माझ्या आईनं ठेवलेला. पाणी मीच नेऊन द्यायची, आणि तो गडवा आमच्या बाकीच्या भांड्यांत मिसळायचा नाही हे मला सात वर्षांची असताना पाठ होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण सोडून दिलं तर गोष्ट खोटी होईल.

एका वर्षी रेघा मोजल्या तर आमच्याकडे तीन दिवस जास्त झाले होते. आमची स्वतःची वखरणी राहिलेली, आभाळ भरून आलेलं, आजी ओरडत होती. वडील बैल घेऊन तीन दिवस काकांच्या वावरात गेले. काकांनी मागितलंही नव्हतं. ते दोघे एकमेकांचे दोस्त होते असं मी तेव्हा तरी म्हणणार नाही. घरी जेवणं नव्हती, लग्नात मांडवाबाहेरून भेट. पण पुढे कित्येक वर्षं सावड मोडली नाही. तो गडवा कोनाड्यातून कधी गेला ते मला आठवत नाही. मी कॉलेजातून सुटीला आले तेव्हा काका आमच्या ओसरीवर आमच्याच कपातून चहा पीत होते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. आधी त्या कोळशाच्या रेघा होत्या. चहा फार नंतर आला.

म्हणून ‘आधी मनं जुळू देत, मग सोबत काम करू’ हा तुझा क्रम मला उलटा वाटतो.

आता तुमच्या लोकांबद्दल. ‘आपल्यातले नाहीत’ म्हणणाऱ्यांवर तू रागावू नको. आपल्या माणसाकडे झुकतं माप टाकणं ही तुमच्या गावाची खोड नाही. २०२१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ४२ देशांतल्या १८ हजारांहून जास्त लोकांना पैशाचाच एक वेगळा खेळ दिला होता. समोरचा आपल्या देशाचा आहे असं सांगितलं की लोक जास्त सहकार्य करत, परदेशी आहे म्हटलं की कमी, आणि हे बहुतेक सगळीकडे सारखंच दिसलं. चारचौघांत निर्णय घेतला काय आणि गुपचूप घेतला काय, त्यानंही फरक पडला नाही. तेव्हा बैठकीत उभा राहून ‘तुम्ही संकुचित आहात’ असं भाषण देऊ नको. जे जगभर आहे त्यासाठी एकट्या तुमच्या लोकांना गुन्हेगार ठरवल्यासारखं होईल, आणि ते पाय रोवून बसतील.

पण झुकतं माप असतं म्हणजे सोबत काम होतच नाही असं नाही. त्या १५ समाजांच्या अभ्यासात केनियातले ओर्मा नावाचे गुरं पाळणारे लोक होते. त्यांना खेळ दिला तो वेगळा होता, सगळ्यांनी एका सामाईक गल्ल्यात पैसे टाकायचे असा. ओर्मांनी तो पाहिला आणि म्हणाले, अरे, हा तर हरांबेचा खेळ! त्यांच्याकडे शाळा किंवा रस्ता करायचा असला की घरटी वर्गणी काढतात, त्याला हरांबे म्हणतात. ओळखीचं नाव सापडलं आणि काय करायचं ते त्यांना आपोआप कळलं, हात मोकळे सुटले.

तुझ्या बैठकीत तू ‘गट’, ‘भागीदारी’, ‘हिस्सेदार’ हे शब्द वापरले असशील. भागीदारी म्हटलं की माणसाला कोर्ट आठवतं. सावड म्हण. सावडीला सोयरीक लागत नाही हे तुझ्या आबाजींना माहीत आहे, त्यांनी केलेली असेल. जुन्या सावडी ते कोणाकोणासोबत करायचे हे सगळ्यांसमोर त्यांना विचार. मला खात्री आहे, त्यात ‘आपल्यातले नसलेले’ दोन-चार निघतील. इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या वावरात काम करायला, कोण कोण यायचं तेही विचार. ही परंपरा तुमच्याच घरात आहे, फक्त ट्रॅक्टर आल्यापासून ती आठवायची गरज पडली नाही.

एक विचारते, राग मानू नको. ‘गावातले’ आणि ‘पुनर्वसनातले’ एवढंच तू लिहिलंस. त्यामागे जात आहे का, ते लिहिलं नाहीस. असेल तर स्वतःशी तरी स्पष्ट म्हण, कारण मग ‘पैसा बुडवतील’ ही भीती पैशाची नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळानं अधिवेशनच रद्द केलं, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं आहे की जातीमुळे माणसाची जबाबदारी आपल्या जातीपुरती आखडते. चांगुलपणा असतो, दया असते, पण ती जातीच्या कुंपणात. पुढे १९५६ साली त्यांनी नागपूरलाच धम्मदीक्षा दिली, आपल्या दारात. हा प्रश्न विदर्भाला नवा नाही आणि माझ्या घरालाही नव्हता. तुमच्याकडे प्रार्थनेला सगळे एका रांगेत बसतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती तशीच बसवली. त्या रांगेत पुनर्वसनातले बसतात का, एवढं एकदा पाहून ये.

आता तारेबद्दल बोलू, कारण या सगळ्या प्रकरणात तुझी सर्वांत मोठी साथीदार ती तारच आहे.

झटका कुंपणाची रीत तुला माहीत असेल, पण बैठकीतल्या सगळ्यांना असेलच असं नाही. मशीन सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. जनावराचं तोंड लागलं की झटका बसतो, मरत नाही, पण पुन्हा यायचं नाव घेत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीत-दीड वीतच उंच ठेवावी लागते. आणि तिथेच पावसाळ्यात गवत लागतं. ओलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, आणि तो एका माणसाच्या धुऱ्यावर उतरला तरी सगळ्या कुंपणाचा जोर कमी होतो. तुझ्या वावरातलं गवत तुझ्यापुरतं राहत नाही. एकाच तारेवर २० जण म्हणजे प्रत्येकाला उरलेल्या १९ जणांच्या विळ्यावर विश्वास टाकावा लागणार. (आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. मशीन परवडत नाही म्हणून लाईनवर आकडा टाकून तारेत वीज सोडायची कल्पना कुणी काढली तर तिथेच थांबवा. त्यात आपल्याकडे माणसं गेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.)

हिशेब मांडून दाखव. ४० एकर चौरस धरलं तर त्याला वेढा पडतो सुमारे १,६०० मीटरचा. पलीकडचं २० एकर वेगळं घेरलं तर त्याला सुमारे १,१४० मीटर. दोन्ही मिळून २,७४० मीटरच्या आसपास. दोन्ही एकत्र घेरलं तर ६० एकरांना १,९७० मीटर पुरतात. एकरी पाहिलं तर तुमच्या वाट्याला ४० मीटर यायची ती ३३ मीटर येते. तीन पदरी तार, खांब, इन्सुलेटर, सगळं त्या मानानं कमी. तुमची वावरं चौरस नसणार, नाल्याची बाजू वाकडी असणार, तेव्हा दोरी घेऊन खरं माप काढ. पण जी बाजू मधे आहे ती दोनदा घेरायची की एकदाही नाही, एवढाच हा सवाल आहे, आणि तो तुझ्या चुलत्यांना भाषणापेक्षा लवकर पटेल.

नाला मात्र त्रास देईल. वेढा नाल्यावरून दोन ठिकाणी जाईल आणि पुरात तिथली तार वाहून जाईल. ते काम दरवर्षीचं, आणि ते दोन्ही काठांच्या माणसांनीच करायचं. शिवाय डुकरं दिवसा कुठे दडतात? नाल्याच्या झुडपात. म्हणजे वेढा पूर्ण केला आणि मशीन चालू केलं, तर डुकरं आतच कोंडली जायची. त्याआधी एक दिवस डबे वाजवत, फटाके लावत ती हाकून बाहेर काढावी लागतील, आणि हाका एका काठावरून होत नाही. दोन्ही काठांवर माणसं लागतात. त्या दिवशी पोरांना सोबत घे. तुझ्या कबड्डीच्या सामन्यानं जे होणार नाही ते त्या दिवशी होईल.

कबड्डीबद्दल सांगतेच. उत्तर प्रदेशातल्या गावांत मॅट लोव नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं क्रिकेटच्या लीग भरवल्या होत्या. अभ्यासात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ पुरुष होते, काही खेळणारे आणि काही तुलनेसाठी न खेळणारे. तो २०२१ साली छापून आला. काही संघ एकाच जातीचे, काही मिसळलेले. जे दुसऱ्या जातीच्या लोकांसोबत एका संघात खेळले त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या माणसाला झुकतं माप देणं कमी झालं. जे दुसऱ्या जातीच्या लोकांविरुद्ध खेळले त्यांच्यात उलट अंतर वाढलं. भेट झाली, एका मैदानावर झाली, पण समोरासमोर उभं राहून झाली. तुमच्याकडे गाव विरुद्ध पुनर्वसन असा सामना ठेवलास तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी गुडघा फुटेल आणि पंचानं कुणाची बाजू घेतली यावर वर्षभर बोलणं चालेल. खेळायचंच असेल तर चिठ्ठ्या काढून संघ मिसळ. पण मी आधी तारेचं काम हाती घेईन.

पलीकडे जाताना कागद घेऊन जाऊ नको. त्या लोकांनी एकदा सह्या केल्या आणि गाव पाण्याखाली गेलं. मोबदला मिळाला असेल, पण सही म्हणजे काय याचा त्यांचा अनुभव तुझ्यासारखा नाही. पहिल्या खेपेला फक्त धुऱ्यानं चाल, त्यांच्यासोबत. तार कुठून जावी, बंडीची वाट कुठे सोडावी, गुरं पाण्यावर कुठून उतरतात, ते त्यांना विचार आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे एखादी खुंटी तिथेच ठोक. त्यांनी दाखवलेल्या जागी खुंटी बसली की बोलणं आपोआप पुढे सरकेल.

पैसे एकरी ठेवा, सगळ्यांना एकच दर. खातं दोन सह्यांचं असू दे, एक अलीकडची, एक पलीकडची. ज्याच्याकडे आत्ता रोख नाही त्यानं खड्डे खोदून, खांब रोवून वाटा फेडायचा, आणि ते दिवस भिंतीवर किंवा वहीत सगळ्यांना दिसतील असे लिहायचे. मशीन कुणाच्या ताब्यात राहील यावर तुमचं सर्वांत मोठं भांडण होईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ज्याच्या खोपडीत बॅटरी, त्याच्या हातात सगळ्यांची रात्र.

मतदान घेऊ नको. तुम्ही १४ आणि ते ६, म्हणजे प्रत्येक मतदानात ते हरणार हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल आणि दुसऱ्या बैठकीला ते येणार नाहीत. गडचिरोलीत धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) गाव आहे. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची रीत अशी की निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा, बहुमतानं नाही. एकाचंही मन खात असेल तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ जातो. बसून बसून पाठ दुखते. पण एकदा ठरलं की मागून कुरकुर राहत नाही. मेंढ्यात सगळे गोंड, एका गावचे, त्यांना ते सोपं असेल असं तू म्हणशील. मला तर वाटतं, जिथे दोन गावचे लोक आहेत तिथे त्याची जास्त गरज आहे.

गवत कापायच्या पाळ्या जोडीनं लावा, जोडीत एक इकडचा, एक तिकडचा. कुणी पाळी चुकवली तर दंड किती तो आधीच ठरवा, दोन्हीकडे सारखा. आणि एक नियम तू मनाशी धर. इकडच्या माणसाच्या गवतामुळे तिकडचं पीक गेलं तर त्याला जाब विचारायला पहिला माणूस इकडचाच उठला पाहिजे. हे अवघड आहे. पापुआ न्यू गिनीत शेजारशेजारच्या दोन गटांवर केलेला एक प्रयोग २००६ साली छापून आला. अन्याय पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला, आपले थोडे पैसे खर्च करून अन्याय करणाऱ्याला दंड करायची मुभा होती. नुकसान आपल्या गटातल्याचं झालं असेल तर लोक जास्त दंड करत. बाहेरच्याचं झालं असेल तर तेवढं अंगाला लागत नसे. आपल्याकडेही तसंच होईल. ‘जाऊ दे, त्याहिचं थोडंसंच गेलं’ असं कुणीतरी म्हणेल. त्या दिवशी तू उठलास तर सावड टिकेल.

राहिले मोठे बाबा. त्यांना बाजूला ठेवून हे करू नको. ते एकदा देऊ करायला गेले होते, आता त्यांना मागायला पाठव. ‘नाल्याच्या बाजूनं आम्हाला वेगळी तार ओढावी लागते, तुमच्या २० एकराशिवाय तो खर्च वाचत नाही. एकरी इतका वाटा येतो. तुम्ही याल का?’ एवढंच म्हणायचं. त्यांना ते जड जाईल, कारण त्यात त्यांना पलीकडच्यांची गरज आहे हे कबूल करावं लागतं. तू सोबत जा. चहा आला तर घ्या, आणि कप कुठल्या भांड्यांत जातो ते मोठ्या बाबांनाही पाहू दे.

सोयाबीन निघून हरभरा पेरायच्या आत खांब रोवले गेले तर यंदाचा हंगाम सापडेल. मशीन कुणाच्या धुऱ्यावर बसवायचं ठरलं, ते मला नक्की लिहून कळव.